वाढपी वाढवणारं यंत्र

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

मराठीत ‘वाढणं’ या क्रियापदाला दोन अर्थ आहेत. मूल वाढतं, महागाई वाढते, हा एक. पंगतीत भात वाढतात, हा दुसरा. कॉम्प्युटरच्या जगात ज्याला सर्व्हर म्हणतात, त्याला मराठी नाव द्यायचं झालं तर मी तरी ‘वाढपी’ हेच देईन. तुम्ही मोबाइलवर बातमी उघडता, रेल्वेचं तिकीट काढता, क्रिकेटचा सामना बघता, तेव्हा कुठल्याशा थंडगार इमारतीत ओळीनं मांडून ठेवलेल्या यंत्रांपैकी एखादं यंत्र ते तुमच्या पानात वाढत असतं. पंगत मोठी झाली की वाढपी जास्त लागणार, हे उघडच आहे. पण पंगत मोठी झाली हे ओळखायचं कुणी, आणि वाढप्यांना हाक मारायची कुणी? गेल्या पंधरा-वीस वर्षांत हे काम माणसाच्या हातून यंत्राच्या हाती गेलं. ते कसं गेलं, त्याची गोष्ट आज सांगायची आहे.

मी कवितेचा माणूस. शिक्षण बी.ए., तेही इतिहास घेऊन. यंत्राच्या पोटात शिरायचं मला काही कारण नव्हतं. कारण मिळालं ते माझ्या भाच्यामुळे. तो पुण्याला एका कंपनीत याच कामावर आहे. महिन्यातला एक आठवडा त्याचा फोन रात्रभर उशाशी असतो. एकदा सुट्टीवर घरी आला असताना रात्री अडीच वाजता तो फोन किंचाळला आणि सगळं घर जागं झालं. सकाळी चहा घेताना मी विचारलं, “काय रे, रात्री कोण गेलं?” तो हसला. म्हणाला, “मामू, कुणी गेलं नाही. गर्दी वाढली की घंटा वाजते.” मी म्हटलं, “मग गर्दीला तू इथे बसून काय करणार?” “मी आता काही करत नाही. यंत्रच नवी मशिनं चालू करतं, गर्दी ओसरली की बंद करतं. त्याला जमलं नाही तरच ते मला उठवतं.”

हे शेवटचं वाक्य माझ्या मनातून जाईना. मग वाचत गेलो, त्याला विचारत गेलो. वाचताना कळलं, की ही गोष्ट कॉम्प्युटरच्या फार आधी, एका पिठाच्या गिरणीत सुरू झाली आहे.

लंडनमध्ये थेम्स नदीच्या काठी अल्बियन मिल नावाची मोठी गिरणी होती. वाफेच्या इंजिनावर चालणारी. जेम्स वॉटचा भागीदार मॅथ्यू बोल्टन यानं १७८८ साली तिथं एक युक्ती बघितली. जात्याची पाळी फार जोरात फिरू लागली की एका दांड्याला लटकवलेले शिशाचे दोन गोळे बाहेरच्या बाजूला उडायचे, आणि त्यांच्या ओढीनं जात्यांमधलं अंतर आपोआप जुळायचं. पवनचक्कीवाल्यांना ही युक्ती माहीत होती. बोल्टननं ती वॉटला कळवली आणि वॉटनं ती आपल्या इंजिनाला बसवली. इंजिनाचा वेग वाढला की गोळे वर उचलले जातात आणि वाफेची झडप थोडी मिटते. वेग मंदावला की गोळे खाली येतात, झडप उघडते. झडपेवर माणूस उभा करायची गरज उरली नाही. या यंत्राला नाव पडलं गव्हर्नर.

मला हे नाव फार आवडलं, आणि इथे जरा थांबायला तुमची हरकत नसावी. आपण ज्यांना राज्यपाल म्हणतो तेही गव्हर्नर आणि हे दोन गोळेही गव्हर्नर. दोघांचं मूळ एका ग्रीक शब्दात आहे. त्याचा अर्थ सुकाणू धरणारा. आपल्या कोकणात ज्याला तांडेल म्हणतात, तो. नॉर्बर्ट वीनर या अमेरिकन गणितज्ञानं १९४८ साली स्वयंनियंत्रणाच्या शास्त्राला ‘सायबरनेटिक्स’ असं नाव दिलं, ते त्याच शब्दावरून. आणि गूगलनं २०१४ साली हजारो सर्व्हरांवर कामं वाटून देणारी जी व्यवस्था जगाला खुली केली, जी आज जवळजवळ सगळीकडे वापरतात, तिचं नावही तेच आहे: कुबरनेटीस. अडीच हजार वर्षांपूर्वीचा एक नावाडी असा नाव बदलत बदलत डेटा सेंटरपर्यंत येऊन पोचला.

गव्हर्नर बसवले गेले, पण त्यांनी एक नवाच रोग आणला. वेग थोडा वाढला की झडप मिटायची, पण मिटण्याचा परिणाम चाकापर्यंत पोचायला वेळ लागायचा. तोवर झडप नको इतकी मिटलेली असायची. मग वेग फार उतरायचा, झडप सताड उघडायची, आणि वेग पुन्हा भलताच चढायचा. इंजिन धापा टाकल्यासारखं वरखाली होत राहायचं. ग्रीनिचच्या वेधशाळेचे प्रमुख जॉर्ज एअरी यांना हाच अनुभव दुर्बिणीच्या बाबतीत आला. आकाशातल्या ताऱ्याच्या गतीनं दुर्बीण सावकाश फिरावी म्हणून त्यांनी तिला असाच नियंत्रक लावला, आणि ती सावकाश फिरायच्या ऐवजी पिसाळल्यासारखी वागू लागली. १८४० साली त्यांनी त्याबद्दल लिहिलं.

याचा उलगडा जेम्स क्लार्क मॅक्सवेल यांनी १८६८ साली केला. विजेच्या आणि चुंबकाच्या समीकरणांचे हे तेच मॅक्सवेल. लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे त्यांनी ‘गव्हर्नरांविषयी’ असा एक छोटा निबंध मांडला. त्यातला प्रश्न साधा होता. यंत्राला एक धक्का बसला, तर नियंत्रकामुळे तो हळूहळू विरून जाईल, की दर फेरीला मोठा होत जाईल? नियंत्रक आहे म्हणून यंत्र शांत राहीलच असं नाही, हे त्यांनी गणितानं दाखवलं. नियंत्रक किती जोरानं आणि किती उशिरानं उत्तर देतो, यावर ते ठरतं. वीनर यांनी आपल्या शास्त्राचं बारसं करताना या निबंधाची आठवण मुद्दाम ठेवली होती.

आता गर्दीकडे वळू. कारण वाफेच्या इंजिनाला गर्दी माहीत नव्हती. ती टेलिफोनला माहीत होती.

आपल्यापैकी चाळिशी ओलांडलेल्या सगळ्यांना ‘या मार्गावरील सर्व लाईन्स व्यस्त आहेत’ हे वाक्य पाठ असेल. लाईनी मोजक्या, बोलणारे फार. किती लाईनी घातल्या म्हणजे लोकांची फार गैरसोय होणार नाही आणि कंपनीचं दिवाळंही निघणार नाही, हा हिशेब पहिल्यांदा नीट मांडला तो ॲग्नर एरलांग या डॅनिश गणितज्ञानं. कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीत तो नोकरीला होता. त्याचा पहिला निबंध १९०९ सालचा, आणि ज्या सूत्रासाठी तो ओळखला जातो ते १९१७ सालचं. टेलिफोनवरची गर्दी आजही ‘एरलांग’ याच एककात मोजतात. पण एरलांगचा हिशेब आधी करायचा होता. गर्दीचा अंदाज बांधा, तेवढ्या तारा ओढा, आणि मग जे होईल ते होईल. ऐनवेळी गर्दी आली म्हणून रात्रीतून तार ओढता येत नव्हती.

इंटरनेट आल्यानंतरही बरीच वर्षं असंच चालू होतं. सर्व्हर ही विकत घ्यायची वस्तू होती. ऑर्डर द्यायची, काही आठवडे थांबायचं, ट्रक यायचा, खोकी फोडायची, कपाटात बसवायचं. म्हणून कंपन्या वर्षातल्या सगळ्यात मोठ्या पंगतीचा अंदाज घेऊन वाढपी कायमचे नोकरीवर ठेवत. उरलेले दिवस ते हात बांधून उभे. कॅलिफोर्नियातल्या बर्कली विद्यापीठाच्या संशोधकांनी २००९ साली लिहिलं, की डेटा सेंटरमधल्या सर्व्हरांची ताकद सरासरी ५ ते २० टक्केच वापरली जाते. शंभर वाढप्यांतले ऐंशी रिकामे, आणि रिकामा वाढपीही वीज खातोच.

आणि तरीही मोठी पंगत आली की ते शंभर अपुरे पडत. ११ सप्टेंबर २००१ ला न्यूयॉर्कचे मनोरे कोसळले, तेव्हा जगातल्या माणसांनी एकाच वेळी सीएनएनच्या संकेतस्थळाकडे धाव घेतली. संकेतस्थळ कोलमडलं. तिथल्या लोकांनी काय केलं? मुखपृष्ठावरची चित्रं, जाहिराती, सजावट सगळी काढून टाकली आणि चार ओळींचा मजकूर तेवढा ठेवला. त्याच समूहाच्या दुसऱ्या संकेतस्थळांचे सर्व्हर एकेक करून हातानं इकडे वळवले. म्हणजे पंगत अचानक अनेक पटींनी वाढली, तेव्हा पंचपक्वान्नं रद्द करून वरणभात ठेवला आणि शेजारच्या लग्नातले वाढपी उचलून आणले. माणसांनी, स्वतःच्या डोक्यानं, धावत पळत हे केलं. मला या प्रसंगाचं मोल फार वाटतं. चित्रं काढून टाकून मजकूर ठेवायचा, हा निर्णय गर्दी मोजणाऱ्या घंटेला सुचण्यासारखा नव्हता. लोकांना आत्ता काय हवं आहे हे ज्याला कळतं, त्यालाच तो सुचतो.

मग २००६ चा ऑगस्ट महिना आला. पुस्तकं विकणाऱ्या अमेझॉन कंपनीनं जाहीर केलं, की आमचे सर्व्हर तुम्ही भाड्यानं घेऊ शकता. तासाला दहा सेंट. तास संपला की परत करा, पुढचे पैसे नाहीत. ही व्यवस्था ज्या चमूनं बांधली तो मुख्यतः दक्षिण आफ्रिकेत केप टाऊनला बसून काम करत होता. त्यांनी सेवेच्या नावातच ‘इलॅस्टिक’ हा शब्द घातला. ताणलं तर ताणणारी, सोडलं तर पूर्ववत होणारी. खोकी, ट्रक, कपाटं सगळी अमेझॉनकडे. तुम्ही फक्त हुकूम सोडायचा आणि काही मिनिटांत नवा वाढपी हजर.

या रबराची पहिली मोठी परीक्षा २००८ च्या एप्रिलमध्ये झाली. अनिमोटो नावाची न्यूयॉर्कची एक छोटी कंपनी होती. तुमच्या फोटोंना संगीत लावून त्यांची फिल्म करून द्यायची, एवढाच धंदा. त्यांनी ही सेवा फेसबुकवर आणली आणि एकाएकी झुंबड उडाली. पन्नासएक सर्व्हरांवर चाललेलं काम तीन दिवसांत साडेतीन हजार सर्व्हरांवर गेलं. विचार करा, साडेतीन हजार यंत्रं विकत घ्यायची असती, तर ती मांडायला जागा कुठून आणली असती? आणि मला जास्त महत्त्वाचं वाटतं ते पुढचं. लाट ओसरली, तेव्हा गर्दी त्या शिखरापेक्षा बरीच खाली आली. विकत घेतली असती, तर ती हजारो यंत्रं त्या कंपनीच्या गळ्यात बांधलेला धोंडा झाली असती. इथे ती परत करता आली.

अनिमोटोनं यासाठी दुसऱ्या एका कंपनीची साधनं वापरली होती. वर्षभरानं, मे २००९ मध्ये, अमेझॉननं ही सोय स्वतःच सगळ्यांना दिली. तिचे तीन भाग होते, आणि ते पंगतीच्या भाषेत सांगतो. एक जण वाढप्यांच्या हातांकडे बघत उभा राहतो आणि ठरलेली मर्यादा ओलांडली की घंटा वाजवतो. दुसरा घंटा ऐकून आणखी वाढपी बोलावतो किंवा काहींना घरी पाठवतो. तिसरा दारात उभा राहून आलेल्या पाहुण्यांना कुठल्या रांगेत बसवायचं ते सांगतो. मालकानं फक्त नियम लिहून द्यायचा: वाढप्यांचे हात सरासरी सत्तर टक्क्यांहून जास्त वेळ गुंतलेले आहेत आणि असं पाच मिनिटं चाललं, तर दोन वाढपी वाढवा. तीस टक्क्यांच्या खाली आले, तर एक कमी करा. हे आकडे ज्यानं त्यानं आपापल्या सोयीनं ठरवायचे.

वॉटच्या गोळ्यांपासून हे फार लांब नाही. म्हणून तो जुना रोगही परत आला. नवा सर्व्हर चालू होऊन कामाला लागेपर्यंत काही मिनिटं जातात. तोवर घंटा वाजतच असते, म्हणून आणखी बोलावले जातात. मग सगळे एकदम हजर होतात, हात रिकामे होतात, उलटी घंटा वाजते, सगळे घरी जातात, आणि पुन्हा पहिल्यापासून. मॅक्सवेलनं लिहिलेली धाप, फक्त वाफेऐवजी विजेवरची. त्यावर उपायही जुन्याच वळणाचा निघाला: थोडं थांबा. कुबरनेटीसमध्ये, तुम्ही वेगळं काही सांगितलं नाहीत, तर वाढवायचं असेल तेव्हा ते थांबत नाही, पण कमी करायचं असेल तर पाच मिनिटं वाट बघतं. माझ्या भाच्याला हे सांगितलं तेव्हा तो म्हणाला, “मामू, आजीही असंच करायची. पाहुणे उठले तरी लगेच चूल विझवायची नाही.”

इथपर्यंत गोष्ट सुखाची आहे. फेसबुकनं २०११ साली सांगितलं, की बिघडलेले सर्व्हर घंटा वाजताच आपोआप दुरुस्तीला लावणारी त्यांची एक व्यवस्था सुमारे दोनशे पूर्णवेळ माणसांचं काम करते. रात्री अडीचला उठणारी किती मुलं त्यामुळे निवांत झोपली असतील. मी या यंत्राचा शत्रू नाही. पण हात गुंतलेले आहेत का, एवढंच बघणाऱ्याला पंगतीत काय चाललंय ते कळतंच असं नाही. त्याचा पुरावा ४ जानेवारी २०२१ ला मिळाला.

स्लॅक नावाची एक सेवा आहे. कचेऱ्यांमधली माणसं एकमेकांना निरोप पाठवायला ती वापरतात. त्या दिवशी नाताळ आणि नववर्षाच्या सुट्टीनंतरचा पहिला सोमवार होता. कोविडमुळे जगभरची कचेरी घरी बसलेली. लाखो लोकांनी सकाळी एकाच वेळी कॉम्प्युटर उघडले. सुट्टीत साठलेले निरोप सगळ्यांनाच नव्यानं ओढून घ्यायचे होते, म्हणून रोजच्यापेक्षा बोजाही जास्त. स्लॅकचे सर्व्हर अमेझॉनकडेच भाड्याचे, आणि त्यांच्या वेगवेगळ्या भागांना जोडणारे मधले चौकही अमेझॉनचे. हे चौकही गर्दीप्रमाणे आपोआप रुंद व्हायचे होते. सुट्टीत ते अरुंद राहिले होते आणि आता पुरेशा वेगानं रुंद होईनात. रस्ते तुंबले.

आता पंगतीत काय झालं बघा. स्वयंपाकघराकडची वाट तुंबली, म्हणून वाढप्यांच्या हातात भांडी येईनात. पाहुणे पान मांडून बसलेत, ओरडताहेत, आणि वाढपी दाराकडे डोळे लावून रिकाम्या हातांनी उभे. हात मोजणाऱ्यानं ते रिकामे हात बघितले. नियम काय होता? हात रिकामे, म्हणजे काम कमी. काम कमी, म्हणजे वाढपी घरी पाठवा. आणि भर गर्दीत, पाहुणे उपाशी असताना, यंत्रानं सर्व्हर कमी करायला सुरुवात केली.

थोड्या वेळानं दुसरं मोजमाप बोलू लागलं. किती वाढपी अडकून उभे आहेत, हे मोजणारं. तेव्हा यंत्र एकदम उलट फिरलं. सकाळी सात वाजून एक मिनिट ते सव्वासात, या चौदा मिनिटांत त्यानं बाराशे नवे सर्व्हर मागवायचा प्रयत्न केला. पण नव्या सर्व्हराला काम समजावून देणारी जी व्यवस्था होती, तिलाही त्याच तुंबलेल्या चौकातून जावं लागत होतं. एवढे एकदम आले म्हणून तीही गुदमरली. परिणाम असा, की बरेचसे वाढपी आले खरे, पण कुणाला सोवळं नाही, कुणाला पळी नाही, असे नुसते मांडवात गर्दी करून राहिले. आणि ज्या पडद्यांवर हे सगळं इंजिनिअरांना दिसायला हवं होतं, ते पडदेही बंद, कारण त्यांची वाटही त्या चौकातूनच जात होती. शेवटी अमेझॉनच्या माणसांनी हातानं ते चौक रुंद केले, तेव्हा रस्ता मोकळा झाला. स्लॅकच्या इंजिनिअरांनी हे सगळं नंतर स्वतः लिहून प्रसिद्ध केलं, काही न लपवता. या क्षेत्रातली ही चाल मला मनापासून आवडते. आपल्याकडे पूल पडला तरी असा कागद बाहेर येत नाही.

त्याच वर्षी ७ डिसेंबरला खुद्द अमेझॉनवर पाळी आली. अमेरिकेत व्हर्जिनिया राज्यातल्या त्यांच्या सगळ्यात जुन्या केंद्रात एका सेवेची क्षमता आपोआप वाढवण्याचं काम चालू झालं. नेहमीचंच, रोजचं. पण त्यामुळे आतल्या असंख्य यंत्रांनी एकदम, कुणालाही अपेक्षित नव्हतं असं, जोडणीसाठी ठोठावायला सुरुवात केली. आतलं जाळं तुंबलं. आणि पहिला बळी गेला तो देखरेखीचा. काय तुंबलंय हे सांगणारी माहितीच इंजिनिअरांपर्यंत पोचेना. अमेझॉनच्या गोदामांतलं काम आणि घरोघर पार्सलं पोचवणाऱ्या गाड्याही त्या दिवशी खोळंबल्या. घंटा बांधली होती ती आगीच्याच खोलीत, असा हा प्रकार.

या दोन्ही गोष्टींचं मी बरेच दिवस चर्वण केलं. यंत्र कुठे चुकलं? हिशेबात नाही चुकलं. त्याला जे मोजायला सांगितलं ते त्यानं चोख मोजलं. हात रिकामे होते, हे खरंच होतं. पण रिकामा हात म्हणजे पोट भरलेलं, असा अर्थ कुणीतरी शांत दिवसांत लावून ठेवला होता, आणि शांत दिवसांत तो खराही होता. खूण आणि गरज यांची साथ जोवर टिकते तोवर यंत्र शहाणं. ती सुटली, की तेच यंत्र तितक्याच वेगानं आणि तितक्याच आज्ञाधारकपणानं उलट्या दिशेला धावतं.

आपल्या मुंबईतलं उदाहरण मात्र या बाबतीत वेगळ्या वाटेनं गेलेलं आहे, आणि ते मला जास्त शिकवून गेलं.

जुलै २०१९. विश्वचषकाचा उपांत्य सामना, भारत विरुद्ध न्यूझीलंड, मँचेस्टरला. पाऊस आला आणि सामना दुसऱ्या दिवसावर गेला. १० जुलैला धोनी खेळत होता, तेव्हा हॉटस्टारवर एकाच क्षणी दोन कोटी त्रेपन्न लाख लोक सामना बघत होते. तोवर जगात कुठल्याही थेट प्रक्षेपणाला इंटरनेटवर एवढा प्रेक्षक एका क्षणी मिळालेला नव्हता. सर्व्हर याही वेळी अमेझॉनचेच भाड्याचे होते. पण हॉटस्टारच्या इंजिनिअरांनी अमेझॉनची तयार ‘आपोआप वाढ’ वापरली नाही. क्रिकेटच्या सामन्यात मिनिटामिनिटाला लाखो लोक दारात येऊन उभे राहतात. वाढप्यांचे हात भरेपर्यंत थांबलं, आणि मग नवे बोलावले, तर ते येईपर्यंत मांडव कोसळलेला असणार. म्हणून त्यांनी हात मोजायचं सोडलं आणि माणसं मोजायला घेतली. या क्षणी किती जण बघताहेत, त्यावरून वाढप्यांची संख्या ठरवायची. शिवाय सामन्याच्या आधीच भरपूर वाढपी मांडवात आणून ठेवायचे. त्याआधी खोटी गर्दी निर्माण करून रंगीत तालीम करायची. आणि सामना चालू असताना माणसं बसलेलीच. एरलांग असता तर त्याला हे ओळखीचं वाटलं असतं.

आणि मग एकोणपन्नासाव्या षटकात मार्टिन गप्टिलचा तो थेट फेकलेला चेंडू, आणि धोनी धावबाद. त्या क्षणी किती घरांत शांतता पसरली असेल ते मी सांगायला नको. पण हॉटस्टारच्या दृष्टीनं तो क्षण शांततेचा नव्हता. कोट्यवधी लोकांनी एकाच वेळी सामना बंद केला, म्हणजे काय केलं? ‘मागे’ जायचं बटण दाबलं. आणि मागे जाऊन ते कुठे पोचले? मुखपृष्ठावर. सामन्याच्या पंगतीतून उठलेले सगळे एकदम दुसऱ्या पंगतीच्या दारात. सामन्याचा आकडा बघणाऱ्या यंत्राला वाटेल, गर्दी संपली, आवरा आता. प्रत्यक्षात खरी झुंबड तेव्हाच उडते. हॉटस्टारच्या लोकांना हे आधीपासून ठाऊक होतं, कारण त्यांनी क्रिकेट बघणारा माणूस बघितला होता. सामना अठरा धावांनी गेला. संकेतस्थळ गेलं नाही.

आता शेवटची पंगत.

२८ एप्रिल २०२१. दुसरी लाट भरात होती. ऑक्सिजनसाठी लोक वणवण करत होते. त्या दिवशी दुपारी चार वाजता १८ ते ४४ वयाच्या लोकांसाठी कोविनच्या संकेतस्थळावर लसीची नोंदणी सुरू झाली. चारच्या ठोक्याला संकेतस्थळ अडखळलं. थोड्या वेळात सावरलं, आणि दिवस संपेपर्यंत सव्वा कोटीहून जास्त लोकांची नावं नोंदली गेली. यंत्राच्या बाजूनं बघितलं तर ही कामगिरी लहान नाही. सीएनएनला २००१ साली जे हातानं, धावपळ करून करावं लागलं होतं, त्याच्याहून कितीतरी मोठी गर्दी इथे पहिल्या धक्क्यानंतर पेलली गेली. आमच्या गल्लीतली मुलं सगळ्यांची नावं नोंदवून देत होती. ज्यांच्याकडे मोबाइल नाही, ज्यांना इंग्रजी येत नाही, अशांचीही. नाव नोंदलं जाई, आकडी निरोप येई, आणि मग केंद्र निवडायचं पान उघडलं की सगळ्या चौकटी भरलेल्या. मुलं दिवसातून वीस-वीस वेळा ते पान उघडून बघत. पान दर वेळी उघडे. चौकटी दर वेळी भरलेल्या.

म्हणजे वाढपी भरपूर होते, लागतील तितके वाढवता येत होते. भात नव्हता. सर्व्हर भाड्यानं तासावर मिळतो. लशीची कुपी पुण्याच्या कारखान्यात तिच्या गतीनंच भरली जाते, आणि त्या कारखान्याला घंटा वाजवून एका रात्रीत दुप्पट करता येत नाही. कुठली घंटा कुणी आणि कधी ऐकायला हवी होती, कुप्यांची मागणी किती आधी नोंदवायला हवी होती, हा हिशेब कुठल्याही सर्व्हराच्या मोजमापात बसणारा नव्हता. तो एरलांगच्या जातीचा हिशेब होता, आधी करायचा. मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात महाराष्ट्र शासनानं १८ ते ४४ वयाच्या लोकांचं लसीकरण तात्पुरतं थांबवलं, आणि त्यांच्यासाठी आणलेल्या कुप्या पंचेचाळिशीच्या वरच्या, दुसऱ्या मात्रेची वाट बघत असलेल्या लोकांकडे वळवल्या.